दोन चटयांमधली जमीन

आमच्या देवळाला घंटा नव्हती, रुळाचा तुकडा होता. पिंगळी स्टेशनावर रुळांच्या कामाला असलेल्या आमच्याच एका माणसाने तो साहेबाला विचारून आणला होता, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो दारातल्या लिंबाच्या फांदीला तारेने टांगला होता. रविवारी सकाळी दादा एका जाड खिळ्याने त्यावर ठोके द्यायचे. तो आवाज मुळीच गोड नव्हता, कानात दाभण घातल्यासारखा जायचा. पण अजूनही कुठे लोखंडावर लोखंड आपटलं की मला करडईच्या तेलाचा वास येतो, कारण त्या ठोक्यांवरच आजी माझी वेणी घालायला बसायची. ख्रिस्ती माणसांचं देऊळ कसलं, असं आता नातवंडं विचारतात. चर्च हा शब्द आम्ही फार पुढे शिकलो. गावात मारुतीचं देऊळ होतं, तिथे आम्हाला पायरी चढता येत नव्हती; आणि हे एक देऊळ होतं, जिथे आम्ही आत जाऊन मांडी घालून बसत होतो. मग त्याला दुसरं काय म्हणणार?

देवळाच्या पाठीला पाठ लावून आमचं घर होतं. मातीच्या भिंती, वर माळवद, एक खोली, एक ओसरी, आणि ओसरीच्या कोपऱ्यात माझ्या खांद्याएवढा रांजण. दादा उपदेशक होते. आठवडाभर ओसरीवर पोरांना अक्षरं शिकवायची, रविवारी शास्त्रातून सांगायचं आणि अधूनमधून सायकलवरून आसपासच्या खेड्यांत जायचं, हे त्यांचं काम. राज्य निजामाचं, मोठ्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, सगळी तालीम उर्दूतून. दादांच्या ओसरीवर मात्र मराठी बाराखडी आणि गीतं चालायची. पोरं बाराखडी म्हणायची ती गीताच्या चालीवर आणि गीत म्हणायची ती बाराखडीच्या. आत माय भाकरी थापायची. मायच्या भाकरीचा आवाज मला अजून वेगळा ओळखू येईल; ती दोन थापा जोरात द्यायची आणि तिसरी हळूच, भाकरीची समजूत काढल्यासारखी. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. सुगीत हुरडा. नाताळात गुळाच्या सांज्याच्या पोळ्या, त्याही आजी आपल्या हाताने मोजून मोजून वाटायची आणि शेवटी स्वतःलाच एक कमी पडली म्हणून हसायची.

आजीचं नाव सगुणा. अंगाने काटकुळी, आवाजाने पाटील. आमच्या महारवाड्यात पहिल्यांदा ख्रिस्ती झाली ती आजी, आजोबासुद्धा तिच्या मागून. ती गोष्ट आम्ही पोरांनी शंभरदा ऐकली होती आणि एकशेएकाव्यांदा ऐकायची तयारी असायची. देव्हाऱ्यातले शेंदूर लावलेले देव तिने टोपलीत भरले, डोक्यावर घेतले आणि चालत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेले. पाण्यात सोडताना त्यांच्याशी बोलली. “तुमी आमाला लय सांभाळलं, आमी तुमाला सांभाळलं. आता तुमचं तुमी बगा.” हे सांगताना ती हसायची, पण डोळ्याला पदर लावायची. परत आली तेव्हा गावाने वर्षाचा बलुत्याचा वाटा बंद केला, भावकीने विस्तव बंद केला, सोयऱ्यांनी लेकी देणं बंद केलं. आजी ज्वारीच्या कण्या शिजवून खात राहिली आणि हटली नाही. पुढे एकेक घर तिच्यामागे आलं. त्यामुळे देवळात पुढच्या चटईवरची पहिली जागा आजीची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मोडतही नव्हतं.

आता चटयांचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. ओढ्याच्या पलीकडे मांगवाडा होता. आमच्यानंतर काही वर्षांनी तिथलीही पाचसहा घरं ख्रिस्ती झाली. रविवारी तीही माणसं देवळात यायची, आमच्याच गीतांत आपला आवाज मिसळायची, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा सुरात गायची. पण त्यांची चटई वेगळी होती. आमची पुढे, त्यांची मागे, आणि दोन्हींच्या मध्ये हातभर शेणाने सारवलेली उघडी जमीन. ती जमीन कुणी आखली नव्हती. दादा शनिवारी चटया अंथरायचे तेव्हा त्यांचे हात आपोआपच तेवढी जागा सोडायचे. आम्ही पोरं त्या पट्ट्यावरून एक पाय टाकत लंगडी घालायचो आणि मार खायचो.

दर काही महिन्यांनी परभणीहून पाळकसाहेब, म्हणजे दादांच्या वरचे धर्मगुरू, यायचे. छत्री, चष्मा, मऊ आवाज. ते आले की प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभूचं रक्त मानून द्राक्षारस सगळ्यांनी मिळून प्यायचा विधी. त्याचा द्राक्षारस करण्याचा मान आजीचा. द्राक्षं आमच्या मुलखात कुठली? बाजारातून मनुका आणायच्या, आदल्या दिवशी मातीच्या गाडग्यात भिजत घालायच्या, सकाळी आजी दंडापर्यंत हात धुऊन त्या कुस्करायची आणि धुवट फडक्यातून गाळायची. पाणी मनुकांच्या वर दोन बोटं, जास्त नाही. “परभूच्या रगताला पानचट करायचं न्हाई,” म्हणायची. मग पाळकसाहेब पेला उचलून प्रार्थना करायचे, आणि तो एकच पेला सगळ्यांच्या ओठांतून फिरायचा. आधी आजी, मग आमची सगळी चटई. मग तो हातभर जमिनीवरून पलीकडे जायचा. एकाच पेल्यातून सगळे पीत होतो, म्हणून आमच्यात भेद नाही असं आम्ही मानत होतो. पेला पलीकडे गेला की पुन्हा अलीकडे मात्र कधी यायचा नाही.

आता माझ्या मुलाच्या शहरातल्या चर्चमध्ये प्रत्येकाला अंगठ्याएवढा आपापला पेला मिळतो. आरोग्याच्या दृष्टीने ते बरंच आहे. पण तो हातात घेतला की मला वाटतं, या सोयीत कुणाच्या आधी कुणी प्यायचं हा प्रश्नच उरला नाही, आणि प्रश्न उरला नाही म्हणून आम्हाला उत्तर शोधावं लागलं नाही.

मी सातेक वर्षांची होते, त्या वर्षी सुगीत माय बाळंत व्हायची होती. दोन्ही वस्त्यांत सुईण एकच, पलीकडची साळूमावशी. बाप्तिस्म्यात तिचं नाव सारा ठेवलं होतं, पण साराला कुणी ओळखत नव्हतं. बुटकी, तोंडावर देवीचे व्रण, आणि हात असे मऊ की कापूस पिंजल्यासारखे. मी तिच्याच हातात जन्मले, माझ्याआधीची दोन गेलेली भावंडंही. सगळा महारवाडा तिच्या हातांत पहिल्यांदा रडला होता. आणि बाळंतपण आटपून ती गेली की सगळा महारवाडा तिने शिवलेली जागा सारवून काढत होता. बाळंतिणीला लागेल ते पाणी घरच्या बाईने रांजणातून काढून द्यायचं, साळूमावशीने रांजणाला हात लावायचा नाही. ख्रिस्ती होऊन आम्ही देव सोडले, मुंज्या सोडला, अंगारे सोडले. पण ही गोष्ट सोडायच्या गोष्टींत असते, हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

भर दुपारी मायला कळा आल्या. दादा खेड्यावर गेलेले. आजी मागच्या अंगणात चुलवणावर पाणी तापवत होती आणि मला तिने ओसरीवर बसवून ठेवलं होतं. आतून मायचा आवाज आला, “पाणी द्या.” पुन्हा आला. आजीला धुरात, जाळाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. साळूमावशी दारात आली, रांजणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी उठून गेले, पण रांजण तळाला गेला होता आणि माझा हात पोचत नव्हता. आतून माय ओरडली, “साळे, दे की गं! तहानेनं मरू का मी?” तेव्हा साळूमावशीने तांब्या उचलला, कमरेत वाकली आणि पाणी काढून मायच्या तोंडाला लावलं. थोड्याच वेळात माझा भाऊ जन्मला. तापल्या पाण्याचा हंडा घेऊन आजी आली, तिने बाळ बघितलं, हसली, आणि मग तिची नजर साळूमावशीजवळ पडलेल्या ओल्या तांब्यावर गेली.

साळूमावशीला आजीने सूपभर ज्वारी दिली, जुनं लुगडं दिलं, बाळाच्या नावाने गूळ दिला. ती ओढ्यापार गेल्यावर मात्र आजीने पदर खोचला, रांजण कलता केला आणि उरलंसुरलं पाणी अंगणात ओतलं. मग राख घेऊन आतून बाहेरून घासायला बसली. बाजेवरून माय ते बघत होती. माझी माय कमी बोलायची. सासूपुढे तर नाहीच. पण त्या दिवशी तिने मान वळवली आणि हळू आवाजात म्हटलं, “आत्याबाई, पाणी तर वतून दिलंत. आन पोरगं? ते बी तिच्याच हातात आलंय. त्याला कुठं वतता?”

आजीचा हात राखेत तसाच थांबला.

सव्वा महिन्याने पाळकसाहेब आले. त्या रविवारी माय बाळाला घेऊन पहिल्यांदाच देवळात आली. आमच्या चटईवर बाया सरकल्या, तिला जागा केली. माय त्यांच्याकडे बघून हसली, त्यांच्यातून पुढे गेली, ती हातभर जमीन ओलांडली आणि पलीकडच्या चटईवर साळूमावशीच्या मांडीला मांडी लावून बसली. दादा गीत म्हणत होते. त्यांचा आवाज मध्येच बसला आणि गीत लोकांनीच पुरं केलं. पेला निघाला तेव्हा माय बसल्या जागेवरून म्हणाली, “मी साळूच्या मागून घेईन.” एवढंच. पाळकसाहेब पेला घेऊन उभे राहिले. आजी पहिल्या जागेवर होती, पेला तिच्यासमोर आलेला. तिने पदराने तोंड झाकलं, उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. जिने देव सोडून हा पेला घेतला होता, ती त्या दिवशी पेला सोडून गेली.

मग घरात दोन चुली झाल्या. आजीने ओसरीत तीन दगड मांडले आणि आपली भाकरी आपण थापू लागली. मायशी बोलणं बंद. जे काही सांगायचं ते माझ्या तोंडून, आणि तेही मी दोघींच्या मध्ये उभी असताना. “तुह्या मायला म्हणाव, पोरगं रडायलंय.” “आजीला म्हणाव, मी ऐकायलाव.” मला आधी गंमत वाटली, मग रडू यायला लागलं. माय न बोलता भाजीची वाटी झाकून आजीच्या चुलीशी ठेवायची. आजी न बोलता ती रिकामी करून ठेवायची. मात्र बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं ते आजीनेच. तेवढ्यापुरती भांडणाला सुट्टी. दादांची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली होती. देवळात ते धीटपणे बोलायचे, आणि घरात शिरताना खाकरायचे.

एका संध्याकाळी ते आजीच्या चुलीशी जाऊन बसले. मी आजीच्या पाठीला टेकून शेंगा फोडत होते. दादांनी शास्त्रातली पेत्राची, येशूच्या शिष्याची, गोष्ट काढली. त्याला आभाळातून उतरलेली चादर दिसते, तिच्यात तऱ्हेतऱ्हेची जनावरं असतात, देव म्हणतो खा, आणि पेत्र म्हणतो मी असलं कधी तोंडाला लावलं नाही, तेव्हा देव म्हणतो, मी शुद्ध केलं त्याला तू विटाळ म्हणू नकोस. आजी म्हणाली, “मला नगं सांगू. तू जन्मायच्या आदी ऐकलंय म्या ते.”

“मग आये, तूच पहिली बदललीस ना? सगळ्या गावाच्या विरोधात?”

“बदलले न्हवं? एकदा बदलले. आता काय रोज रोज बदलायचं? चूल हाय का ती, रोज सारवायला?”

दादा हसले. आजी हसली नाही. जाळात काटकी सारत ती म्हणाली, आणि हे तिचं बोलणं मी जन्मात विसरणार नाही, “लेका, समदं गाव आपल्या डोक्यावर पाय देऊन उभं हाय. आपल्या पायाखाली तेवढी एक वस्ती हाय. ती बी काढून घेतली तर मी उभी कशावर ऱ्हाऊ?”

दादांनी एक काटकी उचलून मोडली. मग म्हणाले, “खरं सांगू, आये? मला बी भ्या वाटतंय. चटया मीच तर हातरतो.”

“मग झालं तर,” आजी म्हणाली. “पोराचा बाप्तिस्मा होऊ दे. तुही बायको आपल्या चटईवर आली तर बरं. न्हाई तर मी जाते सोनपेठला, लेकीकडं. तिथं मरते.” सोनपेठला माझी आत्या होती.

आजीचं बोलणं म्हणजे रेघ. उन्हाळ्यात पाळकसाहेबांचा निरोप आला, आणि त्या आठवड्यात आजीने आपली वाकळ जमिनीवर पसरली. तिच्यावर दोन लुगडी, पितळेची वाटी, आजोबांच्या काठीची मूठ, तेलाची कुपी ठेवली, आणि चार टोकं आवळून गाठोडं बांधलं. ती वाकळ तिने स्वतःच शिवलेली होती, आजोबांच्या धोतरांची आणि मायच्या लग्नातल्या लुगड्याची. मी रोज शाळेतून उठले की आधी कोपऱ्यात गाठोडं आहे का बघायची. आजी गेली तर माझी वेणी कोण घालणार, एवढंच मला समजत होतं. आणि तेवढं पुष्कळ होतं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आजी मला म्हणाली, “चल, पाटलाच्या वाड्यावरून ताक आनू.” पाळकसाहेबांना कढी आवडायची. आजीचं भांडण सुनेशी होतं, पाळकसाहेबांशी नव्हे. ऊन असं होतं की धुळीत पाय टाकवत नव्हता. वाड्याच्या मागच्या दाराशी आम्ही लांब उभ्या राहिलो. पाटलीणबाई मनाने चांगली बाई. तिने आजीच्या गाडग्यात लांबून ताक ओतलं आणि विचारलं, “पाणी पितीस का गं, सगुणे? तोंड वाळलंय.” आजी उकिडवी बसली, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. पाटलीणबाईने तांब्या वर, चांगला छातीएवढा वर धरला आणि धार सोडली. काही पाणी तोंडात गेलं, काही नाकात, काही चोळीवर. आजीला ठसका लागला. पाटलीणबाई मायेनेच हसली. म्हणाली, “सगुणे, देव बदललास, पर ओंजळ काई बदलली न्हाई बग तुही.”

आजीही हसली. तोंड पुसलं. “जी, बाईसाहेब,” म्हणाली.

परतताना ती भराभर चालत होती. मला तहान लागली होती. वाड्यात मला पाणी कुणी विचारलं नव्हतं, आणि मागायचं नसतं हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात ओढा आटला की वाळूत खड्डा करून पाणी झिरपू द्यायचं, त्याला आम्ही झिरा म्हणायचो. आमच्या वस्तीचा झिरा वरच्या अंगाला, पलीकडच्यांचा खालच्या. आमचा झिरा आला तसं मी म्हटलं, “आजी, पाणी.” ती थांबली नाही. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. ती वाळूतून तशीच खाली चालत राहिली, डोक्यावर ताकाचं गाडगं, आणि पलीकडच्या झिऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. तिथे साळूमावशी तांब्या बाजूला ठेवून वाटीने घागर भरत बसली होती. आजीला बघून ती गडबडीने उठली.

आजीने गाडगं उतरवलं. “साळे,” ती म्हणाली, “पाणी दे.”

साळूमावशीच्या तोंडचं पाणी पळालं. “आत्या, मह्या हातचं? कुनी बगितलं तर?”

“तुला मागायलाव, दे.”

आजी वाळूत उकिडवी बसली आणि ओंजळ तोंडाशी धरली. साळूमावशीने तांब्या भरून घेतला आणि तो वर उचलला, चांगला छातीएवढा वर. दोघींनीही ते ठरवून केलं नाही. जन्मभर पाणी असंच पाजतात आणि असंच पितात, एवढंच दोघींच्या हातांना माहीत होतं. धार सुटणार तेवढ्यात आजीने वर बघितलं. ओंजळ मोडली आणि साळूमावशीचं मनगट धरलं. घट्ट धरलं, आजीच्या हाताच्या शिरा मला दिसत होत्या.

“वरून नको वतू, साळे,” ती म्हणाली. “वरून लय पेले.”

आणि तिने तो हात खाली ओढला आणि तांब्याच्या काठाला तोंड लावलं. घटाघटा प्यायली. साळूमावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तांब्याचा काठ आजीच्या दातांवर वाजत होता. पिऊन झाल्यावर आजीने तोच तांब्या माझ्या हातात दिला. ते पाणी कोमट होतं, थोडं वाळूचं, आणि त्याच्या चवीत आमच्या झिऱ्याहून काहीही वेगळं नव्हतं. मला आठवतं, मी त्याची चव वेगळी लागेल म्हणून वाट बघितली होती.

घरी येऊन आजीने कुणाला काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. का नाही ते विचारू नका, लहान पोरांना मोठ्यांचं रडू दिसलं की ती गप्प बसतात. रात्री गाठोडं कोपऱ्यात तसंच होतं. सकाळी दादांनी रुळावर ठोके दिले तेव्हा आजीने माझी वेणी घातली, नेहमीपेक्षा घट्ट. मग तिने गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. माय बाळाला अंगडं घालत होती. तिने ते बघितलं आणि अंगड्याचा बंद तिच्या हातातच राहिला. दादांनी तर पाठच फिरवली.

बाप्तिस्मा होईपर्यंत आजी देवळाच्या दारात उभी होती, डोक्यावर गाठोडं तसंच. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, ते रडलं, सगळे हसले, आणि मी सारखी मागे वळून बघत होते, आजी आहे का गेली. पिंगळीच्या बाजूने गाडीची शिट्टी ऐकू आली. माय आपल्या जागेवर, पलीकडच्या चटईवर, साळूमावशीशेजारी जाऊन बसली. म्हणजे जे व्हायचं ते झालंच, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसलं.

पाळकसाहेबांनी पेला उचलला तेव्हा आजी आत आली. आपल्या पहिल्या जागेकडे तिने बघितलंही नाही. दोन चटयांच्या मध्ये, त्या उघड्या जमिनीवर, तिने गाठोडं उतरवलं आणि गाठ सोडू लागली. गाठ आवळून बांधलेली, सुटेना. मग तिने दात लावले. लुगडी, वाटी, काठीची मूठ, सगळं तिने एका बाजूला केलं, आणि वाकळ झटकून त्या हातभर जमिनीवर अंथरली. वाकळ मोठी होती. तिची एक बाजू आमच्या चटईवर गेली, दुसरी पलीकडच्या. मग आजी तिच्यावर बसली आणि हाताने साळूमावशीला खूण केली, जवळ सरक.

पेला त्या दिवशी कुठून सुरू झाला ते मला आठवत नाही. दादांना पुढे मी विचारलं होतं, त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे काही दिसतच नव्हतं म्हणे. मला एवढंच दिसतं की साळूमावशी प्यायली, आणि तिने तो पेला दोन्ही हातांनी आजीपुढे धरला. आजीने तो घेतला. तिचे ओठ नेमके तिथेच टेकले, जिथे साळूमावशीचे टेकले होते. आजी प्यायली. तोंडात थोडा वेळ घोळवलं. मग माझ्या मायकडे वळली. कारण त्या खेपेला द्राक्षारस आजीने नाही, मायने केला होता. किती महिन्यांत आजी तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि आता भर देवळात, पाळकसाहेबांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली,

“सुशे, पाणी जास्ती झालंय गं. दोन बोटं सांगितली व्हती ना तुला?”